पन्नास सेकंद आणि डावा डोळा : सोलापुरातील एका एअर रायफल रेंजचा सात महिन्यांचा अनुभव

विजापूर रस्त्यावर, पूर्वी सुताचे गोदाम असलेल्या एका लांबट दालनात दहा मीटर एअर रायफलची रेंज चालते. गेल्या जूनपासून मी आणि माझी नववीतली पुतणी आठवड्यातून चार दिवस तिथे जातो. आता सात महिने पूर्ण झाले आहेत, आणि एवढ्या काळानंतर एखाद्या जागेबद्दल बरेवाईट लिहायला हरकत नसावी. रेंजचे नाव मात्र मी लिहिलेले नाही, कारण पुढे काही तक्रारीही आहेत आणि दोन माणसांच्या जिवावर चालणाऱ्या जागेला त्या कायमच्या चिकटाव्यात अशी माझी इच्छा नाही. सोलापुरात ज्याला नेमबाजी शिकायची असते त्याला ती जागा विचारत विचारत सापडते. आम्हालाही तशीच सापडली.

पहिल्याच दिवशी रायफल हातात मिळेल या आशेने गेलेल्या पुतणीला प्रशिक्षकांनी रायफलीच्या जवळपासही फिरकू दिले नाही. त्यांनी तिला दोन्ही हात समोर ताठ करायला लावले, तळवे एकमेकांवर आणून मध्ये रुपयाएवढी फट ठेवायला सांगितली आणि त्या फटीतून समोरच्या भिंतीवरचे पंख्याचे बटण दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहायला सांगितले. बटण फटीत नीट बसल्यावर तिने डावा डोळा मिटला, तर बटण गायब झाले. उजवा मिटला, तर ते जागच्या जागी होते. प्रशिक्षकांनी हीच चाचणी आणखी दोनदा घेतली, तिसऱ्या वेळी तिला कल्पना येऊ नये म्हणून बटणाऐवजी दारावरची कडी दाखवली, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "साहेब, आलाच आहात तर तुम्हीही करून बघा की." माझेही बटण डावा डोळा मिटल्यावरच नाहीसे झाले. आम्ही दोघेही उजव्या हाताने लिहितो, उजव्या हाताने जेवतो, आणि दोघांचाही प्रबळ डोळा डावा निघाला.

मला त्या क्षणी गड्ड्याची जत्रा आठवली. होम मैदानावर फुगे फोडण्याच्या दुकानात लहानपणापासून मी जेवढे पैसे घालवले असतील तेवढ्यात एखादी बरी चादर आली असती. दहा छर्ऱ्यांत तीन फुगे हा माझा ठरलेला हिशेब होता. दुकानदाराच्या बंदुकीची नळी वाकडी असते असे आम्ही भावंडे एकमेकांना सांगत असू, आणि ती वाकडी असेलही; पण माझ्या शेजारी उभा राहून त्याच बंदुकीने सात फुगे फोडणाऱ्या धाकट्या भावाचे काय, हा प्रश्न मी तेव्हा कधी स्वतःला विचारला नाही.

ज्यांनी हा प्रकार ऐकलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. आपले दोन्ही डोळे मेंदूला दोन किंचित वेगळी चित्रे पाठवतात आणि वस्तूची नेमकी दिशा ठरवताना मेंदू त्यांपैकी एका डोळ्याच्या चित्रावर अधिक भिस्त ठेवतो. तो प्रबळ डोळा. साधारण दोन-तृतीयांश लोकांचा प्रबळ डोळा उजवा असतो. हात उजवा आणि डोळा डावा, किंवा त्याच्या उलट, अशी जोडी पडली की तिला क्रॉस डॉमिनन्स म्हणतात. हा आजार नव्हे, तिरळेपणाही नव्हे आणि चष्म्याच्या नंबराशी त्याची गल्लत करू नये. पुतणीच्या आईला हे पटेना म्हणून आम्ही तिला नेत्रतज्ज्ञांकडे नेऊन आणले. दोन्ही डोळ्यांची दृष्टी स्वच्छ निघाली आणि डॉक्टरांनी हसून परत पाठवले. रोजच्या व्यवहारात या जोडीमुळे काहीच अडत नाही. अडते ते रायफल खांद्याला लावली की, कारण खांदा उजवा असतो, गाल उजवा टेकलेला असतो, साइटमागे, म्हणजे रायफलीवरच्या नेम धरायच्या भागामागे, उजवा डोळा असतो, आणि मेंदू मात्र सवयीने डाव्या डोळ्याला विचारायला जातो.

एअर रायफलमध्ये ही अडचण किती बारीक जागी बोचते ते आकड्यांवरून कळेल. लक्ष्य दहा मीटरवर असते, छर्रा ४.५ मिलिमीटरचा असतो, आणि दहा गुणांचा मधला ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो. त्यानंतरचे प्रत्येक वर्तुळ अडीच मिलिमीटरने बाहेर सरकते. मागच्या साइटच्या छिद्रातून पाहायचे, पुढच्या साइटच्या कड्यात बुल, म्हणजे लक्ष्यावरचा काळा गोल, मधोमध बसवायचा आणि बुलभोवतीची पांढरी कड सगळीकडून सारखी दिसली की ट्रिगर सोडायचा, एवढेच ते काम. दोन साइटमधले अंतर साधारण ऐंशी सेंटिमीटर धरले, तर पुढचे कडे ०.२ मिलिमीटरने जरी एका बाजूला राहिले तरी लक्ष्यावर अडीच मिलिमीटरचा, म्हणजे एका पूर्ण गुणाचा फरक पडतो. आणि नेमके त्याच वेळी डाव्या डोळ्याचे चित्र मध्ये घुसते: बुलच्या शेजारी दुसरा फिकट बुल तरंगू लागतो, नळीची कड आडवी येते, आणि कोणता बुल खरा हे ठरवण्यात सेकंद जातात.

रेंजच्या बाजूने सर्वांत मोठी गोष्ट सांगायची तर तिथल्या मुख्य प्रशिक्षकांनी आम्हा दोघांना एकच उपाय लावला नाही. अनेक ठिकाणी, आणि हे मी एनसीसीत असताना स्वतः अनुभवले आहे, "डावा डोळा मीट आणि मार" एवढ्यावर विषय संपतो. इथे डोळा मिटू का देत नाहीत याचे कारण पहिल्याच आठवड्यात नीट समजावून सांगितले गेले. एक डोळा आवळून मिटला की गालाचे आणि कपाळाचे स्नायू ताणले जातात, साठ शॉटच्या सामन्यात तो ताण साचत जातो, आणि दोन्ही बाहुल्या एकमेकींशी बांधलेल्या असल्यामुळे मिटलेल्या डोळ्यावरचा उजेड गेला की उघड्या डोळ्याची बाहुलीही विस्फारते. म्हणून दुसरा डोळा उघडाच ठेवायचा, त्याच्यापर्यंत उजेड पोहोचू द्यायचा, पण चित्र पोहोचू द्यायचे नाही. त्यासाठी दुधी रंगाची अर्धपारदर्शक पट्टी चष्म्याला किंवा टोपीला लावतात, तिला ब्लाइंडर म्हणतात. काळ्या कापडाची पट्टी चालत नाही ती याच कारणाने.

मला ब्लाइंडर लावून उजव्याच खांद्यावर ठेवले गेले. माझे वय बेचाळीस, सवयी पक्क्या झालेल्या आणि महत्त्वाकांक्षा फारतर जिल्हा पातळीची, असा तो सरळ हिशेब होता. पुतणीला मात्र त्यांनी दुसऱ्याच दिवशी सुचवले की तिने डाव्या खांद्यावरून शिकावे. तिने आजवर एकही छर्रा मारलेला नव्हता, त्यामुळे मोडण्यासारखी सवयच नव्हती. प्रबळ डोळा जिकडे आहे तिकडे अख्खे शरीर वळवून घ्यायचे वय हेच, असे त्यांचे म्हणणे. तिसरा मार्गही त्यांनी सांगितला: उजव्या खांद्यावरून डाव्या डोळ्याने नेम धरणाऱ्यांसाठी प्रिझम किंवा आरशाची साइट मिळते आणि तिच्यात मोठे करून दाखवणारे भिंग नसेल तर आंतरराष्ट्रीय नियमांत तिला मुभा आहे. पण ती महाग, सहज न मिळणारी आणि नवशिक्याने वाटेला न जाण्यासारखी, असे सांगून त्यांनी तो विषय तिथेच मिटवला. विकण्यासाठी काही गळ्यात मारले नाही, हे मी मुद्दाम नोंदवतो.

पुतणीला उजव्या खांद्यावर एकदा उभे करून पाहिले गेले, ते मात्र पाहण्यासारखे होते. तिने गाल दस्त्यावर टेकवला आणि डोके हळूहळू दस्त्याच्या पलीकडे कलंडू लागले. जणू कोणी कानाला धरून ओढत होते. नकळत ती डावा डोळा साइटमागे आणत होती. प्रशिक्षकांनी तिच्या कानशिलाला दोन बोटे लावून मान सरळ केली, तीन सेकंदांत ती पुन्हा कलली. तेव्हा तिच्या आईचाही विरोध मावळला. डाव्या खांद्यावर आल्यावर मान पहिल्या दिवसापासून सरळ राहिली, पण बाकीच्या सगळ्या गोष्टी उलट्या झाल्या. ट्रिगर डाव्या बोटाने ओढायचा, छर्रा भरायला उजवा हात वापरायचा, शरीराचा तोल उलट बाजूला. पहिले तीन आठवडे ती रोज रिक्षात रुसून बसायची. "काका, माझं डावं बोट माझं नाहीच वाटत," हे तिचे वाक्य मला अजून आठवते. चौथ्या आठवड्यात हे वाक्य थांबले.

इथेच पहिली मोठी तक्रार. या रेंजवर डाव्या हाताची रायफल एकच आहे. ती रायफल उत्तम आहे, जर्मन बनावटीची आहे आणि तिची निगाही व्यवस्थित राखली जाते, पण डाव्या खांद्याचे नेमबाज आता चार झाले आहेत आणि त्यांच्यासाठी लावलेले वेळापत्रक कोणीही पाळत नाही. मुलांच्या परीक्षा संपल्या की तर तिच्यासाठी अक्षरशः रांग लागते. जी संस्था पहिल्या दिवशी डोळा तपासून मुलांना डाव्या खांद्यावर पाठवते, तिने दुसरी डावी रायफल घेण्याची तरतूदही करायला हवी. हे मी प्रशिक्षकांना तोंडावर सांगितले आहे. दिवाळीनंतर बघू असे उत्तर मिळाले. दिवाळी होऊन गेली.

ब्लाइंडरची हकिगत थोडी विनोदी आहे. सोलापुरात तो कोठे विकत मिळेल हे कोणालाच सांगता येईना. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवला, तर आठ दिवसांनी घोड्याच्या झापडांसारखे काहीतरी काळेकुट्ट आले, परतही घेतले गेले नाही. शेवटी प्रशिक्षकांनीच दह्याच्या डब्याचे झाकण मागवले. स्वयंपाकघरातून आणलेल्या त्या झाकणाची त्यांनी उजेडाकडे धरून परीक्षा केली, पट्टीने मोजून तीस मिलिमीटर रुंदीची रेघ मारली, कात्रीने कापली, कडा सँडपेपरने गुळगुळीत केल्या आणि कागदाच्या चिमट्याने माझ्या टोपीच्या झाप्याला लटकवली. तीस मिलिमीटरच का, तर सामन्याच्या नियमांत चष्म्यावरच्या किंवा टोपीवरच्या ब्लाइंडरची रुंदी त्यापेक्षा जास्त चालत नाही, आणि सराव नियमाबाहेरच्या वस्तूने करायचा नाही असा त्यांचा दंडक आहे. सात महिने झाले, तेच झाकण आजही चालू आहे.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे घड्याळ. या रेंजवर पैसे द्यावेत असे माझे मत ज्या एका कारणाने झाले ते कारण हेच आहे.

ज्यांनी नेमबाजी फक्त दूरचित्रवाणीवर पाहिली आहे त्यांना वाटते की हा निवांत, वेळ घेऊन करायचा खेळ आहे. प्रत्यक्षात इलेक्ट्रॉनिक लक्ष्यावरच्या पात्रता फेरीत साठ शॉटसाठी पंचाहत्तर मिनिटे मिळतात, म्हणजे एका शॉटला सरासरी सव्वा मिनिट, आणि त्यातच छर्रा भरणे, श्वास घेणे, न जमलेला शॉट सोडून देऊन पुन्हा उभे राहणे, घाम पुसणे हे सगळे आले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधील अंतिम फेरीत आधी पाच-पाच शॉटच्या दोन फेऱ्या प्रत्येकी २५० सेकंदांत आणि त्यानंतर एकेक शॉट ५० सेकंदांत, अशी रचना होती. "लोड", मग "स्टार्ट", आणि पन्नास सेकंद संपले की "स्टॉप".

आमच्याकडे या वेळांचा सराव दुसऱ्या महिन्यापासून सुरू होतो, पण सुरुवात छर्रा न भरता होते. याला ड्राय फायरिंग म्हणतात. रायफल उचलायची, गाल टेकवायचा, नेम धरायचा, ट्रिगर सोडायचा. फक्त छर्रा नाही. ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी प्रशिक्षक माझ्या मागे स्टॉपवॉच घेऊन उभे राहिले आणि काय मोजत आहेत ते त्यांनी सांगितले नाही. वीस वेळा झाल्यावर त्यांनी वही पुढे केली. गाल दस्त्याला टेकल्यापासून ट्रिगर सुटेपर्यंतचा माझा वेळ सरासरी चौदा सेकंद होता. त्यातही काही शॉट आठ सेकंदांचे होते आणि काही चक्क एकवीस सेकंदांचे. त्यांनी पुढे विचारले, "या एकवीसवाल्याला काय झालं होतं?" मला आठवत होते: त्या शॉटला दुसरा बुल दिसत होता. त्या दिवशी टोपी बदलली होती आणि ब्लाइंडर जरासा वर चढला होता.

तोपर्यंत मी समजत होतो की माझा हात थरथरतो आणि वय झाल्यामुळे थरथरतो. वहीतले आकडे वेगळे सांगत होते. पहिल्या सहा ते आठ सेकंदांत माझा हात कोणाही नवशिक्याएवढाच स्थिर होता. डाव्या डोळ्याचे चित्र मध्ये आले की मी थांबून खात्री करून घेत होतो, त्या थांबण्यात श्वास अपुरा पडत होता, एका जागी खिळलेली नजर शिळी होत होती, आणि मग हात हलत होता. हाताची थरथर सगळ्यांत शेवटी येत होती आणि मी औषध मात्र तिलाच देत होतो, कधी डंबेल्स तर कधी प्राणायाम. क्रॉस डॉमिनन्स लक्ष्याच्या कागदावर सहजासहजी ओळखू येत नाही, कारण तिथे छर्रे सगळीकडे विखुरलेले दिसतात. घड्याळावर मात्र ते लगेच उघडे पडते. हे मला आधी कोणी सांगितले नव्हते, आणि या रेंजला दिलेल्या एकूण फीपैकी निम्मी तरी त्या एका संध्याकाळी वसूल झाली असे मी मानतो.

त्यानंतरचा सराव सोपा नव्हता. दर पाच शॉटमागे एक शॉट मुद्दाम सोडून द्यायचा, म्हणजे नेम बसलेला असला तरी रायफल खाली घ्यायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची, हा प्रकार मला सर्वांत जड गेला. नऊ सेकंदांत शॉट सुटला नाही तर तो सोडायचाच, असा नियम त्यांनी माझ्यासाठी केला; पुतणीसाठी मात्र केला नाही, कारण तिचा वेळ आधीच सात सेकंदांच्या आसपास होता आणि तिला उलट घाई आवरायला शिकवायचे होते. तिच्या पन्नास सेकंदांच्या सरावात पहिली वीस सेकंदे रायफल उचलायचीच नाही अशी अट असे. एकाच घड्याळाचा दोन माणसांसाठी असा उलटसुलट उपयोग करता येणे, हे शिकवणाऱ्याच्या हाताचे कौशल्य म्हटले पाहिजे.

माझ्या वहीतले आकडे असे: ऑगस्टमध्ये चौदा सेकंद, ऑक्टोबरअखेर साडेआठ. ऑगस्टमध्ये साठ शॉटच्या पहिल्या पूर्ण चाचणीत ६०० पैकी ४९८ गुण, डिसेंबरमध्ये ५४१. राज्य पातळीवर हे आकडे कोणी विचारणारही नाही याची मला जाणीव आहे. चाचणीत पस्तिसाव्या शॉटनंतर वेळ पुन्हा वाढू लागतो हेही वहीत दिसते, आणि त्यावर अजून उपाय सापडलेला नाही.

एक गंमत सांगण्यासारखी आहे. संध्याकाळच्या तुकडीत माझा वेळ सकाळपेक्षा दीड-दोन सेकंदांनी जास्त का येतो हे काही केल्या कळेना. शेवटी प्रशिक्षकांच्या लक्षात आले की माझ्या लेनच्या डाव्या हाताला खिडकी आहे आणि मावळतीचा उजेड ब्लाइंडरच्या कडेने सरळ माझ्या डाव्या डोळ्यात येतो. दुसऱ्या दिवशी त्या खिडकीवर मोराच्या नक्षीची जाड सोलापुरी चादर लटकलेली होती. ती आजही तिथेच आहे, आणि नवे पालक आले की मुलांच्या आधी तिच्याकडे पाहतात.

आता उणिवा. वेळेचा सराव हे या जागेचे वैशिष्ट्य असले तरी वेळ मोजण्याची साधने मात्र घरगुती आहेत. भिंतीवर मोठे उलट मोजणारे घड्याळ नाही; प्रशिक्षकांच्या मोबाइलवर सेकंद मोजले जातात आणि ऐन अंतिम फेरीच्या सरावात कोणाच्या तरी वडिलांचा फोन येतो. आठ लेनपैकी दोनच इलेक्ट्रॉनिक आहेत. बाकीच्या सहा लेनवर कागदाचे लक्ष्य दोरीच्या चरख्यावर पुढे-मागे करावे लागते, त्यामुळे पन्नास सेकंदांतली बारा-पंधरा सेकंदे दोरी ओढण्यात जातात. कागदी लक्ष्यावरच्या सामन्यात याच कारणासाठी साठ शॉटला नव्वद मिनिटे देतात. चरख्याच्या लेनवर बसवून पन्नास सेकंदांचा सराव घेणे म्हणजे विद्यार्थ्याला विनाकारण घाबरवणे आहे, आणि गर्दीच्या दिवशी ते सर्रास होते.

लक्ष्यावरचा प्रकाश सगळ्या लेनवर सारखा नाही. सातव्या आणि आठव्या लेनवर तो डोळ्यांना जाणवण्याइतका मंद आहे. पत्र्याच्या छताखाली मे महिन्यात काय होत असेल याची कल्पना सोलापूरकरांना द्यायला नको, आणि जाड कॅनव्हासचे शूटिंग जॅकेट घालून तिथे पाऊण तास उभे राहायचे आहे हेही लक्षात घ्यावे. छर्रे शिशाचे असतात, त्यामुळे सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये अशी पाटी भिंतीवर ठळक अक्षरांत लावली आहे. पाटीखालचे बेसिन मात्र नळाला पाणी येण्याच्या दिवसावर अवलंबून असते. आम्ही घरून बाटली नेतो.

एक तक्रार जास्त गंभीर आहे. मुख्य प्रशिक्षक बाहेरगावी असताना त्यांच्या सहायकाने पुतणीला सांगितले की घरी रोज दोन तास डाव्या डोळ्यावर पट्टी बांधून ठेव, म्हणजे उजवा प्रबळ होईल आणि खांदा बदलावा लागणार नाही. चौदा वर्षांच्या मुलीच्या चांगल्या डोळ्यावर डॉक्टरला न विचारता पट्टी बांधायला सांगणे मला मुळीच मान्य नाही. मी हे मुख्य प्रशिक्षकांच्या कानावर घातले तेव्हा त्यांनी सहायकाला माझ्यासमोरच बजावले, पण अशी वेळ यायला नको होती. पालकांनी असा सल्ला कोणीही दिला तरी आधी नेत्रतज्ज्ञांना विचारावे.

सुरक्षिततेबाबत मात्र मी पूर्ण गुण देईन. रायफलीच्या नळीत रंगीत सुरक्षा-दोरी घातल्याशिवाय ती पेटीबाहेर येत नाही, कोणी लक्ष्याकडे गेले असेल तर एकही माणूस रायफलीला हात लावत नाही, आणि नळी चुकूनही बाजूला वळली तर त्या दिवसाचा सराव तिथेच संपतो. माझा एकदा संपला होता.

पॅरिसमध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने कांस्यपदक मिळवल्यापासून इथे चौकशीला येणाऱ्या पालकांची संख्या खूप वाढली असे प्रशिक्षक सांगतात. त्या पालकांसाठी एक खुलासा उपयोगी पडेल. स्वप्नीलचा प्रकार पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशनचा, म्हणजे गुडघ्यावर, पोटावर झोपून आणि उभ्याने मारण्याचा, आणि त्याला .२२ ची रायफल लागते, जिच्यासाठी परवाना आवश्यक असतो. या दालनात फक्त दहा मीटर एअर रायफल शिकवतात, ती उभ्यानेच मारतात, आणि तिच्यासाठी तसा परवाना लागत नाही. पन्नास मीटरचा सराव करायचा झाला तर पुण्याला बालेवाडीसारख्या ठिकाणी जावे लागते. पण तिथे पोहोचलेल्यांपैकी बहुतेकांचा पाया अशाच एखाद्या दहा मीटरच्या खोलीत घातला गेलेला असतो, असे प्रशिक्षकांचे म्हणणे आहे, आणि ते मला पटते.

फी दरमहा दरडोई २,८०० रुपये आहे. त्यात रायफल, लक्ष्य आणि हवेचे सिलिंडर भरणे येते, छर्रे वेगळे घ्यावे लागतात. जॅकेट भाड्याने मिळते, पण मोठ्या माणसांच्या मापाची दोनच आहेत आणि त्यांतल्या एकाची चेन अडकते. पूर्वी काही शिकलेले असेल तर जुने लक्ष्य सोबत न्यावे, प्रशिक्षक ते पाहून बरेच काही सांगतात. चष्मा असेल तर तो न्यावाच. डोळ्याची चाचणी ते मोफत करतात आणि त्यासाठी प्रवेश घ्यावा लागत नाही. शनिवार-रविवारी गर्दी असते, म्हणून नव्याने जाणाऱ्याने मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी साडेसहाला जावे आणि इलेक्ट्रॉनिक लेनसाठी आधी फोन करावा. डाव्या हाताची रायफल गुरुवारी सायंकाळी सात ते आठ मोकळी असते. निदान या महिन्यापर्यंत तरी होती, कारण यापुढे त्या वेळी ती आमच्याकडे असेल; पुतणीची सहामाहीनंतरची चाचणी मालिका आता सुरू होते आहे.